शेवटचा आकडा हलतोय ना?

२०२५च्या जुलैमधली गोष्ट. सातवीतल्या भाच्याचा फोन आला. "मावशी, पेपरात आलंय, शुभांशु शुक्लांनी अंतराळात मेथी उगवली. तू पण तिकडं असलंच काहीतरी करायचीस ना?"

मी म्हटलं, मेथी नाही रे, मी धातूच्या गोळ्या वितळवायचे.

"अंतराळात?"

"गोळ्या अंतराळात. मी जर्मनीत, कोलोनमध्ये. खुर्चीवर."

पलीकडे शांतता. पोराचा एवढा हिरमोड झालेला कळल्यावर मला वाईटही वाटलं आणि थोडा रागही आला. म्हणून हे लिहायला बसले.

ती मेथी आणि ते मूग धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे आणि तिथल्याच आयआयटीचे. म्हणजे आमच्या कराडहून हायवेनं सरळ खाली गेलं की लागतं ते धारवाड. शुक्ला २५ जून २०२५ला निघाले, १५ जुलैला समुद्रात उतरले. मधल्या दिवसांत त्यांनी बशीतल्या बियांना पाणी दिलं, फोटो काढले, मोड आलेलं सगळं फ्रीझरमध्ये ठेवलं. पेपरातलं वाक्य खरंच आहे. पण कुठल्या दिवशी, किती वाजता, किती पाणी, फोटो कुठल्या बाजूनं, एक बी फुटलंच नाही तर काय करायचं, हे सगळं जमिनीवर कुणीतरी आधी ठरवलेलं असतं आणि त्या क्षणी कुणीतरी पडद्याकडे बघत बसलेलं असतं. मी सहा वर्षं ते बघत बसलेलं माणूस होते. आता ती नोकरी सोडून दोन वर्षं झाली, त्यामुळे मोकळेपणानं लिहिता येतं.

घरात माझं काम पहिल्या दिवशी कळलं ते फक्त अण्णांना. आत्याला अजून वाटतं मी नासात होते. आईला वाटतं कॉल सेंटर, आणि खरं सांगायचं तर आईचं फार चुकत नाही.

अण्णा एमएसईबीत ऑपरेटर. सातारा जिल्ह्यातलं १३२ केव्हीचं उपकेंद्र, मागे आमची कॉलनी. ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीत मी झोपायला शिकले. आजही पूर्ण शांतता असली की मला झोप येत नाही. अण्णांच्या तीन पाळ्या फिरत असायच्या. दर तासाला उठायचं, व्होल्टेज, प्रत्येक फीडरचा लोड, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान बघायचं आणि लॉगशीटवर लिहायचं. काही घडलं नाही तरी लिहायचं. फोन यायचा तो पीएलसीसीचा, म्हणजे ज्या तारांमधून वीज जाते त्याच तारांवर बसून येणारा आवाज, खरखरत्या कढईतून कुणी बोलल्यासारखा. पलीकडे कळवा. राज्याचं लोड डिस्पॅच ठाण्याजवळ कळव्याला. लहानपणी अण्णा म्हणायचे, "कळव्याला कळवा," आणि आम्ही भावंडं दर वेळी हसायचो. कळव्याहून जे सांगितलं जाईल ते अण्णा शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायचे, मग वेळ लिहायचे, मगच ब्रेकरला हात. मला तेव्हा वाटायचं अण्णांना ऐकू कमी येतं.

नोकरी लागल्यावर मी फोनवर सगळं समजावून सांगत होते, युरोपची प्रयोगशाळा, कोलंबस, वगैरे. अण्णांनी एकच विचारलं. "परमिट कोण देतं?"

मी म्हटलं, म्युनिक.

"मग ठीक आहे," म्हणाले.

तर कोलंबस. अंतराळ स्थानकाला जोडलेली युरोपची प्रयोगशाळा, साधारण सात मीटर लांब, साडेचार मीटर व्यासाचं एक पिंप. ७ फेब्रुवारी २००८ला अटलांटिस यानातून वर गेली. आत कपाटांसारखे रॅक, त्यांपैकी दहा विज्ञानासाठी. त्या पिंपाची वीज, हवा, पाणी, संगणक यांची काळजी ओबरफाफनहोफेनचं नियंत्रण केंद्र घेतं. गाव म्युनिकजवळ आहे, म्हणून रेडिओवर त्याला सगळे 'म्युनिक'च म्हणतात. पण आतल्या प्रत्येक यंत्राचं पोट दुखलं तर औषध काय, हे म्युनिकला माहीत नसतं. त्यासाठी युरोपभर वेगवेगळी केंद्रं ठेवली आहेत. ब्रसेल्सला सूर्याचं काम, नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला झाडांचं, तुलूझला माणसाच्या शरीराचं, माद्रिद आणि नेपल्सला द्रवांचं, स्वित्झर्लंडमध्ये लुत्सर्नजवळ पेशींचं. कोलोनला धातू आणि जीवशास्त्र. कोलोनच्या केंद्राचं लघुरूप उच्चारायला गेलं की 'मुस्क' होतं. रॉकेटवाल्या मस्कचा संबंध नाही, हे मला दर लग्नात दोनदा सांगावं लागतं.

ही पद्धत स्थानकाच्याही आधीची. ३० ऑक्टोबर १९८५ला चॅलेंजर यान आठ माणसं घेऊन वर गेलं, त्यात जर्मनांची डी-१ ही स्पेसलॅब मोहीम होती, म्हणजे यानाच्या पोटात बसवलेली प्रयोगशाळा. यान अमेरिकेचं, उड्डाणाचा ताबा ह्यूस्टनचा, पण प्रयोगांचा ताबा ओबरफाफनहोफेनचा. अमेरिकेबाहेरून असं काम चालवण्याची ती पहिली वेळ. चॅलेंजरचं ते शेवटचं सुखरूप उड्डाण. पुढचं २८ जानेवारी १९८६चं. आमच्या जुन्या लोकांपैकी एकजण डी-१ची गोष्ट सांगताना नेहमी शेवटच्या वाक्याआधी थांबायचा आणि कॉफी आणायला जायचा.

आमचं कोलोनचं आवार शहराच्या कडेला, विमानतळाला लागून. रात्री बारानंतर कोलोनचा विमानतळ खरा जागा होतो, कारण ती मालवाहू विमानांची वेळ. पाळीवर सायकलनं जाताना डोक्यावरून कुणाकुणाची पार्सलं चाललेली असायची. आत गेलं की मात्र खिडकी नाही. चार-सहा पडदे, भिंतीवर घड्याळं, कानाला हेडसेट.

हेडसेटबद्दल सांगायला हवं. त्यात एका वेळी पाच-सहा संभाषणं चालू असतात, त्यांना लूप म्हणतात. एकात ह्यूस्टन आणि अंतराळवीर, एकात म्युनिकचा फ्लाइट डायरेक्टर, एकात अलाबामातलं हंट्सविल, जिथून अमेरिकेचे प्रयोग चालतात, एकात आपल्याच केंद्राची माणसं. प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त करून ठेवायचा आणि सगळं एकदम ऐकायचं. पहिल्या महिन्यात डोकं फुटायची वेळ आली. मग एकदा आई आठवली. रेडिओवर बातम्या, गॅसवर कुकर, दारात भाजीवाला, माझे पाढे. आणि तिसरी शिट्टी झाली की बोलता बोलता तिचा हात गॅसच्या बटणावर. ती एकही शिट्टी मोजत नाही, पण तिसरी कळते. तसंच. आपल्या केंद्राचं नाव उच्चारलं की कान टवकारतात, बाकी वाहत जातं.

अंतराळवीराशी आम्ही बोलत नाही. लोकांना याचं सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं. त्याच्याशी बोलणारं माणूस ठरलेलं, त्याला युरोकॉम म्हणतात. मला काही सांगायचं असेल तर मी म्युनिकला सांगणार, म्युनिक ठरवणार, युरोकॉम बोलणार. सहा वर्षांत माझा आवाज एकदाही वर गेला नाही. माझी वाक्यं गेली. एकदा मी सुचवलेलं 'हळूच, क्लिक ऐकू येईपर्यंत' हे चार शब्द जसेच्या तसे युरोकॉमनं वर सांगितले, ते मी अण्णांना फोन करून कळवलं होतं.

आणि निरोपाचा रस्ता! स्थानक कोलोनच्या बरोबर डोक्यावर असलं, अवघ्या ४०० किलोमीटरवर, तरी माझी आज्ञा सरळ वर जात नाही. ती म्युनिकला जाते, तिथून अटलांटिकपलीकडे अमेरिकेत, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या व्हाइट सँड्सच्या मोठ्या तबकड्यांवरून ३६,००० किलोमीटर वरच्या उपग्रहाकडे, आणि तो उपग्रह ती खाली स्थानकाला देतो. उत्तर त्याच वाटेनं परत. शेजारच्या घरची वाटी परत करायला मुंबईमार्गे गेल्यासारखं. या सगळ्याला सेकंदच लागतात, पण उपग्रहांच्या जागा आणि स्थानकाचे स्वतःचे सौरपंखे आड आले की मध्येच काही मिनिटं संपर्क जातो. केव्हा जाणार आणि केव्हा येणार याचं वेळापत्रक आधीच आलेलं असतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात जाऊन चहा करून यायचा. जर्मन लोक कॉफी करायचे. सहा वर्षं माझ्या चहाला त्या खोलीत कुणी नाव ठेवलं नाही, पण कुणी मागितलाही नाही.

आता गोळ्या.

कोलंबसमध्ये विद्युतचुंबकी तरंगभट्टी आहे. तरंगभट्टी हा शब्द माझा; तिथे सगळे तिला ईएमएल म्हणतात. २०१४च्या जुलैअखेरीस ती मालवाहू यानातून वर गेली आणि जर्मन अंतराळवीर अलेक्झांडर गेर्स्टनं ती बसवायला घेतली. बसवताना एक बोल्ट अडकला. कापायचा तर लोखंडाचा कीस हवेत तरंगणार, कुणाच्या डोळ्यात, कुठल्या पंख्यात जाईल नेम नाही. शेवटी त्यानं बोल्टवर दाढीचा फेस थापला आणि करवतीनं कापला. कीस फेसात अडकला. मी तेव्हा तिथे नव्हते, पण ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगितली जाते, आमच्याकडे नव्या सुनेला घरच्या दैवताची सांगतात तशी. त्याच नोव्हेंबरात, गेर्स्ट १० तारखेला पृथ्वीवर परतला आणि १२ तारखेला त्याच कोलोनच्या आवारातल्या नियंत्रण कक्षातले लोक 'फिले' नावाचं यान धूमकेतूवर उतरवत होते, जे उतरलं आणि पुन्हा उडालं. एकाच आठवड्यात इतकं. मी रुजू झाले तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. माझ्या वाट्याला रोजचं आलं.

ईएमएलमध्ये धातूची गोळी असते, मटाराच्या दाण्याएवढी. तांब्याच्या वेटोळ्यात, कशालाही न टेकता ती तरंगते. जमिनीवरही असं तरंगवता येतं, पण इथे तिला पेलून धरायला इतकं जोरदार चुंबकी क्षेत्र लागतं की तेच तिला तापवतं, घुसळतं, चेपतं. वर वजनच नाही, त्यामुळे नुसता बोटानं आधार दिल्याइतकं क्षेत्र पुरतं. मग तापवणं वेगळं हाती राहतं. वितळवा, तापवणं बंद करा, आणि थेंब एकटा सोडून द्या. मग तापवण्याच्या वेटोळ्यातून क्षणभर धक्का द्या, थेंब दबतो आणि थरथरायला लागतो. किती वेगानं थरथरतो यावरून पृष्ठताण, आणि किती लवकर शांत होतो यावरून तो रस किती घट्ट, हे निघतं.

'रस' हा शब्द मी मुद्दाम वापरते. माझे मामा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत होते. तिथे वितळलेल्या लोखंडाला रसच म्हणतात. मामा म्हणायचे, रस साच्यात कुठे थांबणार ते धारेवरून कळतं. त्यांना कळत असेल. संगणकाला कळत नाही. त्याला आकडा द्यावा लागतो, अमुक तापमानाला अमुक मिश्रधातू इतकी घट्ट. हजार-पंधराशे अंशांना वितळलेला धातू कुठल्याही भांड्यात ठेवला की तो भांड्याशीच काहीतरी करून बसतो, आणि आकडा बिघडतो. भांडंच नको म्हणून हा सगळा खटाटोप, स्थानकापर्यंत.

हे प्रयोग रात्री चालायचे. अंतराळवीर झोपतात जीएमटी, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेनं, रात्री साडेनऊला, उठतात सकाळी सहाला. ते जागे असले की व्यायाम करतात, भिंतीला पाय लावून ढकलतात, कपाटं उघडतात, आणि त्या प्रत्येक धक्क्यानं थेंब हलतो. म्हणून ते झोपले की आम्ही सुरू. पेपरात 'अंतराळवीरांनी केलेला प्रयोग' म्हणून जे छापून येतं, त्यातल्या बऱ्याच वेळी अंतराळवीर घोरत असतो. त्यानं गोळ्यांची पेटी बसवून दिलेली असते, तेवढं त्याचं. पुढच्या कित्येक रात्री आमच्या.

पहिल्यांदा मी जो थेंब पाहिला तो निकेलच्या कुठल्याशा मिश्रधातूचा होता. पडद्यावर काळं-पांढरं चित्र. गोळी तापत गेली, राखाडी, मग पांढरी, मग तिच्या कडा मऊ झाल्यासारख्या दिसल्या आणि ती गोल गरगरीत झाली. वितळली. तापवणं बंद. आता ती थंड होत होती, पांढऱ्याची पुन्हा राखाडी, आणि शेजारच्या पडद्यावर तापमानाची रेघ उतरत होती. गोठायच्या बिंदूपाशी आली. ओलांडून खाली गेली. गोळी अजून द्रवच. टेकायला भांड्याची भिंत नाही, कचरा नाही, तर गोठायला सुरुवात कुठून करायची हेच त्या रसाला कळत नाही. दहा अंश खाली, पन्नास, शंभर. माझ्या शेजारी बसलेला सहकारी काही बोलला नाही, फक्त खुर्ची पुढे घेतली. आणि मग एका बाजूला एक उजळ ठिपका आला आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत तो उजेड गोळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेला. गोठली. गोठताना कोंडलेली उष्णता एकदम बाहेर आली आणि ती थंड होत चाललेली गोळी क्षणभर पुन्हा लखलखली. सावकाश चालवलेल्या चित्रात नंतर बघितलं तर त्या उजेडाची सीमारेषा एखाद्या लाटेसारखी स्पष्ट दिसते. नुसत्या डोळ्याला ती फक्त मिचकावल्यासारखी वाटते.

मी त्या रात्री लॉगमध्ये फक्त वेळ लिहिली, तापमान लिहिलं, 'गोठली' लिहिलं.

शास्त्रज्ञ लोक अशा वेळी मागच्या खुर्चीवर बसायला येत, किंवा घरून बघत. त्यांचा प्रस्ताव मंजूर होऊन कधी कधी इतकी वर्षं गेलेली असतात की तेव्हा ज्या मुलीनं पीएचडीसाठी हा प्रयोग मांडला ती आता प्राध्यापकबाई म्हणून समोर बसलेली असते. एका बाईंची गोळी मनासारखी थंड होईना. "जरा तापमान वाढवा ना, पंचवीस अंश फक्त," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नाही येत. धातू जास्त तापला की त्याची वाफ होते, ती वाफ वेटोळ्यावर बसते, आणि त्या वेटोळ्यावर पुढच्या इतर लोकांच्या गोळ्या अवलंबून असतात. किती वाफ चालेल याचाही हिशोब ठरलेला असतो, महिन्याच्या किराण्यासारखा. बाई चिडल्या. "पण गोळी माझी आहे!" गोळी त्यांची होती, हे खरंच. पुढच्या रात्री रीतसर विचारून, सगळ्यांच्या सह्या घेऊन, दहा अंश मिळाले. बाईंनी मला जाताना चॉकलेटचा डबा दिला, त्याच्यावर चिठ्ठी: 'पंचवीस नाही, पण दहा.'

दुसऱ्या केंद्रांच्या गोष्टी आम्हाला लूपवर आणि जेवणाच्या टेबलावर कळायच्या. माझी सर्वांत आवडती ब्रसेल्सची. कोलंबसच्या बाहेरच्या अंगाला 'सोलर' नावाचं सूर्य मोजणारं उपकरण होतं. स्थानक ज्या तऱ्हेनं फिरतं त्यामुळे त्याला सूर्य नीट दिसायचे ते महिन्यातले काही दिवसच. सूर्याला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला पृथ्वीवरून बघता सुमारे २७ दिवस लागतात, आणि शास्त्रज्ञांना सलग एक पूर्ण फेरी हवी होती. दोन खिडक्यांच्या मध्ये भोक पडत होतं. मग २०१२च्या डिसेंबरात काय केलं, तर सगळं स्थानकच सात अंशांनी तिरकं केलं आणि दहा दिवस तसंच ठेवलं. चारशे टनांचं अवजड धूड, आतल्या माणसांसकट, एका उपकरणासाठी. विज्ञानासाठी स्थानकाचा कोन बदलण्याची ती पहिलीच वेळ. सगळ्या देशांच्या सगळ्या केंद्रांनी हो म्हणायला किती महिने कागद फिरले असतील याची कल्पना मला आहे.

हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. "एका मीटरसाठी आख्खी ग्रिड हलवली?" म्हणाले. नंतर हे त्यांनी त्यांच्या निवृत्त ऑपरेटरांच्या कट्ट्यावर इतक्या जणांना सांगितलं की एकानं मला फोन करून खात्री करून घेतली.

शिकताना परीक्षा असतात, सिम्युलेशन म्हणतात. शिकवणारे लोक मागच्या खोलीत बसून खोटे आकडे पाठवतात, खोटे बिघाड घालतात. आग, गळती, पंप बंद, हे सगळं मला जमलं. नापास झाले ती रात्र मात्र अगदी शांत होती. सगळे आकडे हिरवे. पाण्याचं तापमान बरोबर, वीज बरोबर, दाब बरोबर. मी समाधानानं बसून होते. अकरा मिनिटांनी शिकवणाऱ्यानं लूपवर विचारलं, "तुझं सगळं ठीक?" मी म्हटलं, सगळं ठीक. तो म्हणाला, "तुझे आकडे अकरा मिनिटांपूर्वी थांबलेत."

थांबलेलेच होते. नवीन माहिती येणंच बंद झालं होतं, आणि पडद्यावर शेवटची आलेली माहिती तशीच उभी होती, सुंदर, हिरवीगार. त्याची खूण कोपऱ्यात होती, मी बघितली नव्हती.

त्या रात्री अण्णांना फोन केला तेव्हा जवळजवळ रडत होते. अण्णा म्हणाले, "काटा अडकला होता व्हय." जुन्या पॅनेलवरच्या मीटरचे काटे अडकायचे. वाचताना चांगला लोड दाखवणार, आणि फीडर कधीच ट्रिप होऊन बसलेला. म्हणून ऑपरेटर वाचण्याआधी काचेवर टिचकी मारतो. काटा थरथरला तर जिवंत आहे. मला आठवलं, लहानपणी डबा द्यायला गेले की अण्णा प्रत्येक काचेवर टिचकी मारत पुढे जायचे आणि मला वाटायचं ते ताल धरतायत.

पडद्यावर टिचकी मारता येत नाही. पण खऱ्या यंत्राचा आकडा कधी अगदी स्थिर नसतो. शेवटचा दशांश सतत चुळबुळ करतो, ४ चा ५, ५ चा ४. तो हलत असला की यंत्र जिवंत. त्या दिवसापासून पाळीवर बसलं की मी आधी तेच बघायचे, हिरवं-लाल नंतर.

शेवटी २०१९च्या दिवाळीचं सांगते. त्यात चूक पूर्णपणे माझी.

स्थानकावर जीएमटी चालतं. तारखेलाही ऑक्टोबर-नोव्हेंबर नाही, वर्षाचा कितवा दिवस तो आकडा. त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच रविवारी आलं, २७ ऑक्टोबरला, म्हणजे दिवस ३००. आणि युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे करतात. माझी पाळी जीएमटी २२ला सुरू होणार होती. आदल्या दिवसापर्यंत ते म्हणजे रात्रीचे बारा. त्या रविवारपासून ते म्हणजे अकरा. हे मला पाठ होतं, इतरांनाही मी समजावलेलं होतं. पण घरी सकाळपासून उटणं, फराळ, पूजा, साताऱ्याशी व्हिडिओ कॉल, या गडबडीत माझ्या डोक्यात 'बारा' तेवढं राहिलं. शंकरपाळ्यांचा डबा घेऊन मी निवांत बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना पोचले. पन्नास मिनिटं उशीर.

माझ्या आधीच्या पाळीवर निवृत्तीला आलेला एक कोलोनकर होता. खुर्चीवर तसाच बसलेला. मी दारातूनच माफी मागायला लागले. त्यानं त्याच्या कोलोनी बोलीतली म्हण टाकली, "एट हेट नोख एमर योट येयांगे," आतापर्यंत सगळं निभावलंच आहे. मग शंकरपाळे बघितले, चार घेतले, पुन्हा चार घेतले, आणि पाळी हातात दिली. त्याच्या लॉगमध्ये एकच ओळ होती, जीएमटी २२:५० ताबा दिला. कारण लिहिलं नव्हतं. माझ्या बाजूच्या ओळीत मी लिहिलं, '२२:५०, ५० मिनिटं उशिरा, घड्याळबदल विसरले.' त्यानं मागून वाचलं, मान हलवली आणि कोट घालून गेला.

काम म्हणण्यासारखं त्या रात्री नव्हतं. नुसते आकडे बघायचे. शेवटचा दशांश चुळबुळत होता.

जीएमटीची मध्यरात्र म्हणजे भारतात सकाळचे साडेपाच. आईचा गजर साडेपाचचा, वर्षानुवर्षं. त्यामुळे भिंतीवरचं घड्याळ शून्यावर आलं की मला दर पाळीत वाटायचं, आता उठली. त्या रात्री भिंतीवर ३०० चे ३०१ झाले आणि थोड्या वेळानं, संपर्क जायची वेळ झाली म्हणून स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेले, तर फोनवर अण्णांचा मेसेज आलेला. 'शुभ पाडवा. रीडिंग काय?'

मी लिहिलं, 'शुभ पाडवा अण्णा. सगळं नॉर्मल.'

'नॉर्मल नको. आकडा सांग.'

स्थानकाचे आकडे असे बाहेर द्यायचे नसतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तापमापक होता. मी त्याच्या काचेवर टिचकी मारली आणि लिहिलं, 'खोली २१.'

'२१. घेतलं,' असं उत्तर आलं.